कितीला पडली?

९ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते उचलावं लागत नाही. दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं.

परवा फोन केला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत." मागून तुझा खोकला ऐकू आला. माणूस बाहेर गेला तरी खोकला घरी राहत असेल एखाद्याचा.

रागावलेली नाही मी. खरंच नाही. नुसतं कुतूहल आहे. गाडी घेतली त्या दिवशी पहिला फोन तुला केला होता, शोरूमच्या दारातूनच. वाटलं होतं, तू विचारशील, कुठली घेतलीस, इंजिन केवढं, बघायला बरोबर कुणाला नेलं होतंस. आयुष्यभर साहेबांच्या गाड्या चालवलेला माणूस तू. मला स्टिअरिंग धरायला शिकवलंस तेही तूच. आणि तू म्हणालास, "बरं." मग फोन ठेवून दिलास.

तू विचारलं नाहीस. बाकी सगळ्यांनी विचारलं. त्यांचं तरी ऐक.

तळमजल्यावर विमावाले काका राहतात. विमा विकायचं त्यांनी कधीच सोडलं, पण विमावाल्याची चौकशी काही सुटली नाही. गाडी आणली त्या संध्याकाळी मी अजून दार लावत होते, तोवर स्वारी चपला फटफटवत हजर. गाडीभोवती एक फेरी मारली. मागचं चाक पायाच्या अंगठ्याने दाबून बघितलं.

"कुणाकडे पाहुणे आलेत वाटतं?"

"नाही काका, माझी आहे."

"तुमची म्हणजे, तुमच्या मालकांची?"

"माझी म्हणजे माझी."

काकांनी पुढचं चाकही दाबून बघितलं. मग, "कितीला पडली?"

मी नुसती हसले.

"बरं, देते किती?" मी हसतच. "हप्ता जबर असेल?" हसतच. "एकट्या जिवाला एवढी कशाला लागते पण?"

"आवडली म्हणून घेतली, काका."

झालं. मी काहीतरी लपवते आहे याबद्दल त्यांची खात्रीच पटली. एखादी गोष्ट आवडली म्हणून घेतली, हे उत्तर इतकं संशयास्पद असतं हे मला माहीतच नव्हतं! वारसा मिळाला म्हटलं असतं तर चाललं असतं. लॉटरी लागली तरी चाललं असतं. पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या, लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला गाडी आवडली, हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी गेली कित्येक वर्षं दात कोरूनच पोट भरते आहे, पण म्हण काही बदलत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, "एकटीने लांब जायला भीती नाही वाटत?" आमच्या लॅबमधली पॉलिशवाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खरं सांगा, कुणी दिली?" इमारतीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "विकायची झाली तर आधी मला सांगायचं हं, मावशी." अजून नवी कोरी आहे, आणि हा विकायला निघाला.

आता मला त्यात गंमत वाटायला लागली आहे. विचारणारा विचारतो माझ्या गाडीबद्दल, पण खाज त्याची त्याची असते. शिक्षिकाबाईंची मुलगी परदेशी गेल्यापासून त्या स्वतः गल्लीच्या टोकापलीकडे गेलेल्या नाहीत. पॉलिशवालीला आजवर कुणी काही दिलेलं नाही. आता मी उत्तर द्यायच्या ऐवजी प्रश्नच न्याहाळत बसते.

एक मात्र आहे. ती चालते कशी, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून तुला सांगून टाकते. गडद निळी आहे. दार लावलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा बंद होतो. दुसरा गिअर जरा हट्टी आहे. सीट वर करता येते, तरी मला खाली उशी घ्यावी लागते, त्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

तुझी बुटकी


२६ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही आलं. असो. मी वाट बघत नव्हते. पोस्टमनला दोनदा थांबवलं ते दुसऱ्याच कामासाठी.

आज जरा वेगळं लिहायचं आहे. हसू येणार नाही कदाचित.

आमच्या लॅबमध्ये सोन्याचं कपाट आहे, तुला माहीत आहे. अजूनही काही लोक दातावर सोन्याची टोपी बसवून घेतात. ते सोनं, आणि टोप्या घासताना पडणारा चुरासुद्धा, त्या कपाटात राहतो. किल्ली माझ्याकडे. मालकांच्या वडिलांनी स्वतः माझ्या हातात दिली होती.

सोमवारी मालक माझ्या टेबलाशी आले. मी मेणात वरचे दात बसवत होते.

"किल्ली द्या जरा. डुप्लिकेट करून घ्यायची आहे."

दिली. मंगळवारी परत आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी एक सोन्याचं काम होतं, ते मालकांनी स्वतः कपाट उघडून दुसऱ्या कारागिराला काढून दिलं. माझ्याकडे न बघता.

चहाच्या वेळी पॉलिशवालीला कोपऱ्यात घेतलं. ती यंत्राचा ब्रश उगीचच साफ करत राहिली.

"काय चाललंय?"

"काही नाही हो. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"की एवढी गाडी... आणि किल्ली तुमच्याकडेच... चुरा कोण मोजतंय म्हणून."

"कोण लोक?"

"लोकच हो."

दादा, मी तशीच टेबलाशी जाऊन दात बसवत राहिले. त्या दुपारी बसवलेले दात मी दुसऱ्या दिवशी पाहिले, तर समोरचे दोन एकमेकांवर चढलेले. कुणा आजोबांची कवळी ती, बिचारे आयुष्यभर तिरके हसले असते. सगळं मेण खरवडून पुन्हा बसवलं.

एवढा वेळ मी लोकांच्या प्रश्नांची मौज बघत होते. आता कळलं, जे समोर येऊन विचारत होते ते बरे होते. कितीला पडली विचारणाऱ्या माणसाला निदान उत्तर हवं असतं. ज्याने उत्तर आधीच ठरवलंय तो विचारतच नाही. तो फक्त किल्ली काढून घेतो.

आज सरळ मालकांच्या खोलीत गेले. म्हटलं, "कपाटातलं सगळं तोलून घ्या. चुऱ्यासकट."

"अहो, तसं काही नाही."

"तसंच आहे. तुम्ही तोला. मी त्या वेळी लॅबमध्ये नसेन, म्हणजे माझा हात लागला असंही व्हायला नको."

शनिवारी तोलणार आहेत. मला भीती नाही. पण सोनं आहे ते, हवा लागली तरी कमी होतं म्हणतात. एवढंसं जरी कमी भरलं, तर नोकरी जाईल, आणि नोकरीपाठोपाठ गाडी. मग तर सगळ्यांची खात्रीच पटेल.

आता मुद्द्याचं विचारते. तुलाही तसंच काही वाटलं का? म्हणून बोलत नाहीस का? आईच्या बांगड्या तू माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्यास. त्या जागेवर आहेत. त्याच डब्यात, त्याच रुमालात. हे तुला लिहून कळवावं लागतंय, दादा, याची मला जी लाज वाटते आहे ती चोरी करूनही वाटली नसती.

बुटकी


१७ मार्च

दादा,

सोनं बरोबर भरलं. दोनदा तोललं, दोन्ही वेळा बरोबर.

सोमवारी गेले तर किल्ली माझ्या टेबलावर ठेवलेली, शेजारी मालक उभे. मी किल्ली उचलेना.

"घ्या ना," ते म्हणाले.

"आधी विचारा."

"काय?"

"जे विचारायचं होतं ते."

त्यांचे कान लाल झाले. मग खाली बघत, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "गाडी... कशी काय घेतलीत?"

"घरासाठी साठवत होते. पहिल्या पगारापासून. मग एक दिवस वाटलं, घरात बसून राहण्यासाठी एवढं साठवायचं? त्यापेक्षा बाहेर पडायला घेऊ काहीतरी."

"अहो पण मग म्हातारपणी राहणार कुठे?"

"भाड्याच्याच घरात. आणि मालकाने काढलं तर गाडीत."

ते हसले. मग मीही किल्ली उचलली. एवढंच हवं होतं बघ, एक साधा प्रश्न.

पण आज पत्र लिहायला घेतलं ते विमावाल्या काकांसाठी. हे ऐकून तू हसशील, किंवा कदाचित हसणार नाहीस. मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात काका दारात आले. आत या म्हटलं तरी आत येईनात. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"एक विचारू?"

"विचारा की. तुम्ही कधी थांबलात?"

"रविवारी दोन तास तुमची गाडी माझी आहे असं म्हणता येईल का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांना एक साडू आहे. मोठा धंदेवाला. लग्न झाल्यापासून हा साडू प्रत्येक भेटीत काकांना कमीपणा आणतो, कधी घरावरून, कधी कपड्यांवरून. तर काकांनी काय करावं? माझ्या गाडीला टेकून, बोनेटवर हात ठेवून फोटो काढला आणि साडूला पाठवला. "घेतली शेवटी." आणि आता साडू गाडी बघायला येत होता!

"पण काका, तुम्हाला चालवता कुठे येते?"

"तेच तर. ड्रायव्हर ठेवलाय असं सांगितलंय."

"कुठून आणणार ड्रायव्हर?"

काका पायपुसण्याकडे बघत राहिले.

मला इतकं हसू आलं की दाराचा आधार घ्यावा लागला. आणि मी हो म्हटलं. दयेने नाही. मला बघायचंच होतं हा मनुष्य साडूला काय उत्तरं देतो ते. एवढे दिवस त्याच्या प्रश्नांना मी हसत होते, आता तो दुसऱ्याच्या प्रश्नांना काय करतो!

रविवारी रेल्वे स्टेशनवरून साडूंना घेतलं. दोघं मागे बसले. मी पुढे, उशीवर.

"खरं कातडं आहे का हे?" साडूंनी सीट चिमटीत धरून बघितली.

"तर काय," काका म्हणाले. नाहीये, दादा. मी जीभ चावली.

"देते किती?"

काकांनी असा काही आकडा सांगितला की तेवढं तर एखाद्या सायकलनेही दिलं नसतं. आरशात काकांचं तोंड दिसत होतं. घामाने चमकत होतं, पण सुखात होतं. लहान मुलाला वाढदिवसाचा हार घातल्यासारखं.

मग साडू म्हणाले, "बाई ठेवलीस ड्रायव्हर?"

"हल्ली असतात."

"नीट चालवते का? पगार काय घेते? आणि पेट्रोलवर लक्ष ठेव हो. ही माणसं टाकीतून काढतात."

माझ्या डोक्यामागे हातभर अंतरावर बसून बोलत होते. मी ऐकते आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी म्हणजे स्टिअरिंगचाच एक भाग होते. काका घाईघाईने म्हणाले, "नाही रे, घरच्यासारखी आहे." त्याने मला आणखी वाईट वाटलं, का ते कळलं नाही.

पुढे एका मोठ्या हॉटेलात दोघं जेवायला उतरले. काका खिडकीपाशी घुटमळले. मी डोळ्यांनी खूण केली, जा. थोड्या वेळाने वेटर माझ्यासाठी चहाचा कप घेऊन आला, काकांनी पाठवला होता. आणि ऐक, दादा. सीटवर सांडेल म्हणून मी कप घेऊन खाली उतरले आणि उभ्याने चहा प्यायले. माझ्याच गाडीच्या बाहेर. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआपच उतरले.

तिथे आणखीही ड्रायव्हर उभे होते, आपापल्या मालकांच्या गाड्यांना न टेकता. त्या सबंध दुपारी मला कुणी काही विचारलं नाही. मला प्रश्नांचा वीट आला होता ना? तर त्या दुपारी एकही प्रश्न नव्हता, आणि मला वाटलं, मी आहे का इथे?

मग तू आठवलास. लग्नसमारंभांच्या बाहेर, ऑफिसांच्या बाहेर, हॉटेलांच्या बाहेर तू असाच उभा राहिला असशील. एवढ्या सुंदर गाड्या तुझ्या हाताखालून गेल्या, आणि त्यांच्यामुळे तुझा हेवा कधी कुणी केला नाही. "कितीला पडली?" हे तुला कधी कुणी विचारलंच नसेल.

साडूंना सोडल्यावर काका मागच्या सीटवर तसेच बसून राहिले. मग उतरून पुढे माझ्या शेजारी येऊन बसले.

"आज त्याला घरी जाऊन जेवण जाणार नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मला तरी कुठे गेलं?"

मी गाडी सुरू केली. काकांनी समोरच्या बटणांकडे बघितलं. "हे कशाचं?" असं एकेक विचारायला लागले. काच पुसायचं, दिव्याचं, गार हवेचं. मी सगळं सांगितलं. दाबू पण दिलं.

बुटकी


४ एप्रिल

दादा,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. कारण तुला माहीत आहे.

काल वहिनींचा फोन आला. तू खरंच बाहेर गेला होतास तेव्हा, पाठीमागे खोकला नव्हता. त्यांना रागावू नकोस. त्या आधी बराच वेळ बाजारभाव बोलत होत्या, मग एकदम रडल्या.

काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी औषध दिलंय, आहे ते टिकेल म्हणतात, गेलेलं येणार नाही. लायसन्स गेलं. साहेब भले म्हणून काढलं नाही. फाटकापाशी खुर्ची दिली. आता तू गाड्यांना फाटक उघडून देतोस.

आणि ज्या दिवशी मी शोरूमच्या दारातून ओरडले, "दादा, गाडी घेतली!", त्या दिवशी तू साहेबांच्या गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आला होतास.

तुझ्या त्या "बरं"चा मी काय काय अर्थ लावला! बांगड्यांपर्यंत गेले. तू मात्र तेवढा एक शब्द कुठून आणलास कोण जाणे. मला तर तोही सापडला नसता.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. त्या तुला माझी पत्रं वाचून दाखवतात, आणि तू काही बोलत नाहीस, पण परवा विचारलंस म्हणे, "त्या विमावाल्याचं पुढे काय झालं?" हे ऐकून मी फोन धरून खुर्चीत बसलेच. विचारलंस तर खरं! माझ्याबद्दल नाही, काकांबद्दल, पण विचारलंस. तर कळवते: काका आता साडूला खरं सांगायचं म्हणतात, रोज म्हणतात, आणि रोज काहीतरी निघतं.

म्हणजे हेही पत्र वहिनीच वाचत असणार. वहिनी, यापुढचं तेवढं त्याच्या हातात द्या. अक्षर मोठं आहे, वाचेल हळूहळू.

दादा, तुला आठवतं, साहेब परगावी गेले होते आणि तू ती काळी गाडी घेऊन आपल्या घरापाशी आलास, गॅरेजला नेता नेता? आई बाहेर आली. तू मागचं दार उघडून धरलंस. ती पदराला हात पुसत राहिली आणि म्हणाली, "नको रे. दुसऱ्याची वस्तू, मळायची." तू म्हणालास, "आपली घेऊ तेव्हा तरी बसशील ना?" ती म्हणाली, "तेव्हा पुढे बसेन."

शोरूममध्ये त्या निळ्या गाडीचं दार उघडलं तेव्हा मला हेच आठवलं. सगळ्या गावाला सांगत फिरले की आवडली म्हणून घेतली. आवडली हे खरंच आहे. पण हेही होतं. मग मला उशिराने वाटायला लागलं, ते बोलणं तुझं होतं. "आपली घेऊ" हे तू म्हणाला होतास. मी मधेच ते घेऊन पळाले की काय?

तुला माझा हेवा वाटला असेल तर वाटू दे. संकोच करू नकोस. विमावाले काका जळतात, पॉलिशवाली जळते, ते सगळे उपरे. माझ्यावर जळायचा पहिला मान तुझा. जळ, बोल, लुच्ची म्हण, काय वाटेल ते विचार. फक्त तो "बरं" नको.

येत्या रविवारी येते आहे. नको म्हणायला पत्र पोचणार नाही, आणि फोन तू करत नाहीस. म्हणजे ठरलं.

बुटकी


१३ एप्रिल

दादा,

परवाच भेटलो, तरी लिहिते आहे. वहिनी म्हणतील, हिला काही उद्योग नाही. पण समोरासमोर आपल्याला बोलता कुठे येतं? आपण दोघं भांडतो तरी, नाहीतर खातो.

त्या दिवशी तू शेजारी बसलास आणि आधी पट्टा लावला, मग मला लावायला लावलास. वहिनी मागे, पिशवी मांडीवर घट्ट धरून, जशी काही बसमध्ये चोरीला जाणार. कोपऱ्यावर वळले तोच सुरुवात.

"क्लचवर पाय का ठेवून बसतेस?"

"ठेवलेला नाही."

"मला बाजूचं दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. काढ."

काढला. मग तू डॅशबोर्डवरून हात फिरवलास, सावकाश. दाराच्या आतल्या कडेवरून, काचेच्या रबरावरून, सीटच्या शिवणीवरून. आणि विचारायला लागलास. देते किती? शहरात किती, मोकळ्या रस्त्यावर किती? टायर कुठले? सर्व्हिसिंग कुठे करतेस, तिथले लोक बरे आहेत का? जुनी का नाही घेतलीस? बघायला कुणाला नेलं होतंस? एकटीच गेलीस? शहाणीच आहेस. हप्ता झेपतो का? खरं सांग. लॅबमध्ये त्रास दिला त्याने मग माफी मागितली का? उशी का लावतेस, पेडलला पाय पोचतात का?

आणि मी सगळं सांगत गेले. दादा, जे सबंध इमारतीला सांगितलं नाही, मालकांना सांगितलं नाही, ते सगळं. आकड्यासकट. मला आश्चर्य वाटत होतं, हेच प्रश्न होते ना? शब्दसुद्धा तेच. काकांनी विचारलं तेव्हा अंगाला कुसळं लागल्यासारखं व्हायचं. तू विचारत होतास तेव्हा वाटत होतं, रस्ता संपू नये, आणि ह्याचे प्रश्नही संपू नयेत.

सगळ्यात शेवटी तू म्हणालास, "कितीला पडली?"

मी सांगितलं.

तू बोटांवर हिशेब केलास. मग म्हणालास, "लुबाडलं तुला."

वहिनी मागून इतक्या मोठ्याने हसल्या की मी ब्रेक मारला, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

नंतर तू काच खाली केलीस आणि तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे केलंस. म्हणालास, "मला त्या दिवशी राग आला होता. तुझा नाही. कुणाचा ते कळेना, म्हणून तुझाच धरून ठेवला." मी समोरच बघत राहिले. रस्त्यावर लक्ष ठेव म्हणून तूच ओरडत होतास ना.

पण हे सगळं तुला माहीत आहे. तू तिथेच होतास. ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते त्याच्या आधीचं आहे.

मी घरी न जाता सरळ साहेबांच्या बंगल्यावर आले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, रविवारी दुपारपर्यंत तुझी पाळी असते. फाटकापासून थोड्या अंतरावर थांबून मी केस नीट केले. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. मग गाडी फाटकापाशी आणली. तू खुर्चीवरून उठलास. शर्टाची वरची गुंडी लावलीस. ऊन तुझ्या तोंडावर येत होतं, काचेवर चकाकत होतं, आणि मी तर काय, स्टिअरिंगमागे निम्मीच दिसते. तू गाडी ओळखण्याचा प्रश्न नव्हता. तू चालत आलास, जराशी मान वळवून वळवून, रस्त्याची कड शोधत. मी काच अर्धी खाली केली. तू वाकलास. आणि अगदी अदबीने, कधी मी तुझ्या तोंडून ऐकला नाही अशा आवाजात विचारलंस,

"कोण पाहिजे आपल्याला?"

दादा, एवढ्या महिन्यांत मला लोकांनी नाही नाही ते विचारलं, आणि मी प्रत्येकाला काही ना काही उत्तर दिलं, निदान हसले तरी. ह्या एका प्रश्नाला माझ्या तोंडून शब्द फुटेना. गडबडून माझा हात हॉर्नवर पडला, केवढ्याने वाजला! आणि तू दचकून, अदब-बिदब विसरून ओरडलास, "फाटकात हॉर्न वाजवतात का? कुणी शिकवलं तुला?" मग थांबलास. काचेच्या अगदी जवळ तोंड आणलंस. आणि "बुटके!" म्हणालास.

पुढे सगळी गडबडच झाली, तू दार उघडलंस, साहेबांचा कुत्रा भुंकायला लागला, आणि तुझ्या त्या विचारण्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. ते आता देते.

तू, दादा. तूच पाहिजे होतास.

बुटकी